तुम्ही विचारलंत म्हणून: 'टू मीट' की 'टू मीटिंग'?

बडोद्यात दांडिया बाजारात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते मी, बरीच वर्षं झाली, आणि या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठला असेल तर हाच. आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणारी मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, आणि गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे काका मोबाईल घेऊन आले, मुलीचं लग्न कॅनडातल्या मुलाशी ठरतंय, त्या लोकांना मेल लिहायचा होता. "ताई, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहू की 'टू मीटिंग यू'? टूनंतर तर क्रियापदाचं पहिलं रूप येतं ना, शाळेत तसंच शिकवलेलं."

उत्तर 'मीटिंग' आहे. पण नुसतं उत्तर देऊन मला बरं वाटत नाही. माझ्या शाळेत कुठल्या शब्दांनंतर आयएनजी येतो याची एक यादी दिली होती, पाठ करा म्हणून, आणि मी केली पण, आणि तरी कॉलेजात पहिल्याच अर्जात 'इंटरेस्टेड इन जॉइन' लिहिलं. त्यावर लाल गोल आला, कारण कोणी सांगितलं नाही. कारण कळायला मला खूप वर्षं लागली आणि ते आपल्या मराठीतच होतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबवून सांगते.

इंग्रजीतलं प्रीपोझिशन म्हणजे इन, ऑफ, फॉर, ऍट, विदाउट, बिफोर वगैरे. याला आपल्या पुढे नाम लागतं. 'फॉर यू', 'बिफोर लंच', 'विदाउट शुगर'. आता तिथे क्रियापदच आणायचं असेल तर त्याला आधी नाम व्हावं लागतं, आणि इंग्रजीत क्रियापदाचं नाम करायचं म्हणजे आयएनजी लावायचा. 'थँक यू फॉर कमिंग', 'बिफोर ईटिंग', 'गुड ऍट कुकिंग'. बस.

आता मराठी बघा. एका मुलीला मी म्हटलं, "जेवतेआधी हात धू". ती हसायलाच लागली. म्हटलं का हसलीस? "असं कोण बोलतं मावशी, जेवायच्या आधी म्हणतात." बरोबर, 'जेवतेआधी' होत नाही, 'जातोऐवजी' होत नाही, 'जाण्याऐवजी' लागतं, 'येण्याबद्दल' लागतं, 'शिकण्यासाठी' लागतं. शब्दयोगी अव्यय जोडायचं तर क्रियापद आधी नामासारखं करून घ्यावं लागतं, हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, तो तिच्या जिभेवरच होता. इंग्रजीत तोच नियम आहे, फरक इतकाच की आपण 'आधी', 'साठी' मागून लावतो आणि ते लोक 'बिफोर', 'फॉर' पुढे ठेवतात. माझ्याकडच्या गुजराती मुलांना मी 'आववा बदल आभार' आठवायला सांगते, तेही लगेच 'थँक यू फॉर कमिंग'वर येतात.

उलट इथे इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आपण 'जायच्या आधी' म्हणतो पण 'गेल्यानंतर' म्हणतो, 'न सांगता' वेगळं, 'सांगून' वेगळं, 'आजारी असूनही' आणखी वेगळं, बाहेरच्या माणसाने मराठी शिकायची म्हटली तर किती रूपं! इंग्रजीत सगळीकडे एकच, बिफोर गोइंग, आफ्टर गोइंग, विदाउट टेलिंग, बाय टेलिंग, डिस्पाइट बीइंग इल (आणि हो, डिस्पाइटपुढे 'ऑफ' नको, ते 'इन स्पाइट'ला लागतं). काळ कुठलाही असो. 'आफ्टर वेन्ट' लिहिणारी मुलं असतात कारण आपल्या 'गेल्या'त भूतकाळ दिसतो, त्यांना फक्त एवढंच सांगायचं की काळ दुसऱ्या क्रियापदाकडे आहे, 'आफ्टर ईटिंग वी वेन्ट टू सुरसागर' (आमच्या इथला तलाव), काळाचं काम 'वेन्ट'ने केलं.

खरा घोटाळा 'टू'चा आहे आणि काकांचा प्रश्न तिथलाच.

इंग्रजीत दोन 'टू' आहेत. एक 'टू बरोडा'मधला, तो प्रीपोझिशन. दुसरा 'आय वॉन्ट टू गो'मधला, त्याच्यापुढे साधं क्रियापद. आणि आपल्याकडे? 'घराला', 'आईला' यातला 'ला' आणि 'जायला', 'भेटायला' यातला 'ला', तोच प्रत्यय दोन्ही कामं करतो! म्हणून डोक्यात 'भेटायला उत्सुक आहे' असतं आणि हातातून 'टू मीट' उतरतं, यात मुलांचा दोष नाही. गंमत म्हणजे मुळात इंग्रजीतही हे दोन 'टू' एकच होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधीचा 'टू' म्हणजे 'कडे' अर्थाचं प्रीपोझिशनच होतं आणि त्या क्रियापदाच्या शेवटी चतुर्थीसारखा प्रत्यय लागायचा, अगदी 'जायला'सारखं. पुढे तो प्रत्यय झिजून गेला आणि नुसतं 'टू गो' उरलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

मग ओळखायचं कसं? माझ्या वर्गात आम्ही नवरात्रीची परीक्षा म्हणतो. 'टू'पुढे नवरात्री ठेवून बघायचं. 'आय ऍम लुकिंग फॉरवर्ड टू नवरात्री', छान बसतं, बडोद्यात तर सगळेच म्हणतात. म्हणजे इथे नामाची जागा आहे, म्हणून क्रियापद आलं तर 'टू मीटिंग'. 'आय वॉन्ट टू नवरात्री', बसत नाही, म्हणून 'टू गो'. 'कमिटेड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'इन ऍडिशन टू' सगळ्यांत नवरात्री बसते.

'यूज्ड टू'मध्ये मात्र नीट ऐका, कारण तिथे दोन्ही बरोबर असतात आणि अर्थ बदलतो. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे मी लवकर उठायचे, आता नाही. 'आय ऍम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. 'उठायचे' आणि 'उठायची सवय', मराठीत फरक 'सवय'चा आणि इंग्रजीत 'ऍम' आणि आयएनजीचा. एक मुलगा इंटरव्ह्यूत 'आय यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर' म्हणून आला होता, म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही! त्याला सांगायचं होतं बरोबर उलटं.

अपवाद थोडे आहेत. 'अबाउट टू लीव्ह', निघायच्या बेतात, हे असंच येतं, पण 'थिंकिंग अबाउट लीव्हिंग' नियमातलंच. 'ही डिड नथिंग बट स्लीप' यात 'बट'पुढे साधं क्रियापद. 'इंटरेस्टेड टू नो' सुद्धा चालतं, पण 'इन' लावलंत की 'नोइंग', 'लर्निंग' आलंच पाहिजे.

आयएनजीसाठी इतकी का मागे लागते असंही मुलं विचारतात. आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये मार्कांचे निकष चार, त्यातला एक व्याकरणाचा, चौथा हिस्सा. जनरल ट्रेनिंगवाल्यांना (नोकरीसाठी किंवा स्थायिक व्हायला जाणाऱ्यांची परीक्षा ती) पहिल्या टास्कमध्ये किमान 150 शब्दांचं पत्र लिहायचं असतं आणि त्याचा शेवट बरेचदा 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असा असतो. तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोर शेवटचं वाक्य ते, तिथेच 'टू हिअर' लिहून येतात पोरं.

काकांनी मेल पाठवला, 'थँक यू फॉर इन्व्हायटिंग अस, वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग युअर फॅमिली'. दोन्ही आयएनजी त्यांनी स्वतः लावले, मी फक्त वाचून बघितला. जाता जाता विचारतात, "ताई, मग 'सजेस्ट गोइंग'मध्ये आयएनजी कशाला, तिथे तर टू नाही, फॉर नाही, काहीच नाही?" त्याचं कारण वेगळं आहे, काही क्रियापदांना आपलं कर्म त्याच रूपात लागतं, आणि कुठल्या क्रियापदांना ते मात्र खरंच लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी त्यांना रविवारी चहाला बोलावलंय.