खारकेचा जिना

नाशिक, रविवार, रात्री दहा वाजता

आज दुपारी खारीक सोफ्यात सापडली. सोफ्यावर किंवा सोफ्याखाली नव्हे, तर सोफ्याच्या पोटात. अर्धा तास मी आणि आई तिला शोधत होतो. गॅलरीचे दार बंद असल्याची चार वेळा खात्री करून झाली, कपाटामागे बॅटरीचा उजेड टाकून झाला, आणि शेवटी दमलेली आई सोफ्यावर टेकणार एवढ्यात खालून खरवडल्याचा आवाज आला. फरशीवर पालथी पडून पाहिले, तर तळाला ठोकलेले काळे पातळ कापड कोपऱ्यात वीतभर फाटलेले होते आणि त्या फटीतून, स्प्रिंगा आणि फोमचा भुगा यांच्या मधोमध, दोन तपकिरी कान दिसत होते. सोफा उचलून कलता करण्याचा मोह मी आवरला, कारण घाबरलेला ससा अडचणीच्या जागी जोराने मागचे पाय झाडतो आणि त्यात त्याच्या स्वतःच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. त्याऐवजी कोथिंबिरीची एक काडी फटीपाशी ठेवून आम्ही दोघी दूर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी बाईसाहेब मिशांना जाळे लावून बाहेर आल्या, काडी खाल्ली आणि हनुवटी सोफ्याच्या पायाला घासून निघून गेल्या. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास ससे असा वस्तूंना लावून ठेवतात. म्हणजे हा सोफा आता आमचा राहिला नाही, हे आम्हाला रीतसर कळवण्यात आले.

मंगळवार

सुतार येऊन गेले. फाटलेले कापड पुन्हा ठोकून उपयोग नव्हता, ते तिने एका रात्रीत उकरले असते, म्हणून संपूर्ण तळाला पातळ प्लायवूड मारून घेतले. "ताई, सशासाठी सोफ्याला तळ मारायची ही माझी पहिलीच वेळ," असे म्हणत त्यांनी खिळ्याचे एकही टोक आत उघडे राहणार नाही याची काळजी मात्र मनापासून घेतली.

खारीक घरात मोकळी राहू लागून आता दीड वर्ष झाले. सुरुवातीला माझा नियम सोपा होता, की तिने फरशीवर राहावे आणि आम्ही फर्निचरवर. तो आठवडाभरही टिकला नाही. ज्या प्राण्याला दोन-अडीच फूट उंच उडी सहज जमते, त्याला दीड फुटाचा दिवाण म्हणजे उंबरठाच. ओरडून काही साध्य होत नाही. उलट ती मागचा पाय आपटून माझ्यावरच नाराजी व्यक्त करते. त्यामुळे मी एकेका वस्तूचा स्वतंत्र विचार करायला शिकले. माझ्या पलंगावर तिला मज्जाव आहे, कारण मऊ गादी दिसली की तिला तिथे मूत्राने हद्द आखण्याची इच्छा होई. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती खोड बरीच कमी झाली, तरी खोलीचे दार आम्ही लावूनच ठेवतो. बाबांच्या शिसवी आरामखुर्चीचा प्रश्न दातांचा होता. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर, आणि ते मुख्यतः गवत चावून झिजतात. खुर्चीच्या पायावर पहिली खाच दिसली तेव्हा मी रागावण्यापूर्वी तिची गवताची टोपली पाहिली, तर ती रिकामी होती. आता टोपली खुर्चीच्या पायाशीच असते आणि खाच तेवढीच राहिली आहे. आईने ती खाच पाहून "त्यांनी काही म्हटले नसते" एवढेच सांगितले.

झोपाळ्याच्या कड्या मात्र मी काढूनच ठेवल्या, त्यावर चर्चा नको. हलत्या फळीवर उडी मारणे आणि हलत्या फळीखाली निजणे, या दोन्ही गोष्टी तिच्या आवडीच्या होत्या.

खरी काळजी चढण्याची नाही, उतरण्याची आहे, हे समजायला मला फार वेळ लागला. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, मांजराचा १२ ते १३ टक्के. स्नायू जबर आणि हाडे नाजूक असा हा विषम संसार आहे. तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसती लव असते, आणि आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली फरशी आरशासारखी गुळगुळीत आहे. त्यातच सशाला आजूबाजूचे जवळजवळ सगळे दिसते, पण नेमके नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. गेल्या थंडीत ती सोफ्यावरून उतरताना पुढचे दोन्ही पाय दोन दिशांना घसरले आणि ती छातीवर आपटली. इजा झाली नाही. पण त्यानंतर ती कडेशी येऊन मान लांब करी, मागे सरे, पुन्हा मान लांब करी, आणि ते पाहताना माझाच जीव वरखाली होई.

मग मेनरोडवरून तागाच्या दोन जाड चटया आणल्या आणि सोफ्यापुढे अंथरल्या. त्यावर आईचा पूजेचा जुना चौरंग ठेवला आणि चौरंगापुढे पाट. पायऱ्या डुगडुगू नयेत म्हणून पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. चढताना ती या जिन्याकडे ढुंकूनही पाहत नाही, उतरताना मात्र न चुकता वापरते.

अक्षय्य तृतीया

उन्हाचा तडाखा एवढा आहे, की दुपारभर खारीक दिवाणाखालच्या गार फरशीवर पाय पसरून पडलेली असते आणि सोफ्याची आठवण तिला दिवेलागणीलाच होते. त्यामुळे सकाळी बाबांच्या नावाची घागर भरून ठेवायला आईने चौरंग आणि पाट दोन्ही उचलले, धुतले आणि देवघरात नेले, तेव्हा मीही काही बोलले नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला ती नेहमीप्रमाणे सोफ्यावर चढली, थोडा वेळ अंग चाटत बसली आणि मग उतरायला कडेशी आली. मान लांब केली. चौरंगाच्या जागी काहीच नव्हते. तिने उडी मारली नाही, मागेही सरली नाही. तशीच कडेवर बसून राहिली आणि एकदा पाय आपटला. मी तिला उचलायला उठले, कारण उचलून घेणे तिला आवडत नसले तरी दुसरा उपाय सुचत नव्हता. तेवढ्यात आई देवघरातून आली, रिकामा पाट तिच्या हातात होता.

"घागर चौरंगावर आहे, ती उद्या हलवू," ती म्हणाली, "आज एवढ्यावर भागव गं बाई." तिने पाट चटईवर टेकवला, त्यावर शेजारची जाड उशी आडवी ठेवली आणि हाताने दाबून पाहिली. खारकेने उशी हुंगली, एक पाय ठेवला, मग दुसरा.