आधी फोटो, मग रंग

मी सिव्हिल इंजिनिअर, इंदूरला घरांची तपासणी करून रिपोर्ट देतो. गेल्या पावसाळ्यातली लोकमान्य नगरची केस सांगतो, कारण ठेकेदाराचं काम बिघडलं की लोक आपला पुरावा आपल्याच हाताने पुसून टाकतात आणि इथे तो थोडक्यात वाचला.

काकू एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वरच्या खोलीचं प्लास्टर करून घेतलं, साडेतीन लाख दिले, लेखी काहीच नाही. पहिल्याच मोठ्या पावसात छताला ओल आणि भिंतीला फुगे. ठेकेदार म्हणे, "आंटी, बारिश में थोड़ी सीलन तो आती ही है." आणि मी पोचलो त्या सकाळी त्याने पेंटर पाठवलेला, पुट्टी कालवून तयार! मी जिन्यातूनच ओरडलो, थांबा, हात लावू नका. डाग झाकले गेले की मग दाखवणार काय?

पेंटरला चहा देऊन बसवलं आणि सगळ्याचे फोटो, व्हिडिओ काढले. मग छोट्या हातोडीने भिंत वाजवत गेलो. चांगलं प्लास्टर टणटण वाजतं, इथे खिडकीखालचा अख्खा पट्टा भदभद वाजत होता, किल्लीने खरवडलं तर नुसती वाळू हातात आली. काकू म्हणाल्या पाणी दोनच दिवस मारलं होतं, आणि प्लास्टर निदान सात दिवस तरी ओलं ठेवावं लागतं हो! वर गच्चीवर लेव्हल पाइप (उतार मोजायची पाण्याची नळी) लावला तर उतार पाणी जायच्या पाइपाकडे नाहीच, मधोमध डबकं. मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार हवा. पॅरापेट म्हणजे गच्चीची कठड्याची भिंत, तिच्या आणि गच्चीच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर भराव, म्हणजे गोला, भरलाय तोही जागोजागी सुटलेला.

तेवढ्यात ठेकेदार स्वतः आला. मकान पुराना है, स्लॅबच कमजोर, पाणी शेजारच्या भिंतीतून येतंय, असं सुरू. मी वाद घातला नाही. दोन दिवस उघडीप होती, गच्ची कोरडी होती, मग फक्त पॅरापेटच्या कडेला छोटा बांध घालून त्यात पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर त्याच्याच खाली छतातून थेंब, बाकी छत कोरडं. हे त्याच्यासमोरच व्हिडिओत घेतलं, तो गप्पच झाला.

काकूंची भीती वेगळीच होती. "अरे पण आपल्याकडे कागदच नाही ना, कशाच्या जोरावर भांडायचं?" हे मी खूप घरांत ऐकतो आणि फार वाईट वाटतं, कारण याच भीतीवर अशा लोकांचं फावतं. घरबांधणी ही सेवा आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच लखनऊ डेव्हलपमेंट अथॉरिटीच्या केसमध्ये सांगितलंय, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सेवेच्या व्याख्येत ते आहे. काम तोंडी ठरलं असलं तरी पैसे दिले की तुम्ही ग्राहक. काकूंचे पैसे चेकने आणि यूपीआयने गेलेले, ठेकेदाराचे "काम पक्का होगा" वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होते, तो सगळा पुरावाच (चॅटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं तेवढं). बरेच जण रेरा रेरा करत बसतात पण तो कायदा बिल्डरसाठी, आपल्या घरात काम करणाऱ्या ठेकेदारासाठी जिल्हा ग्राहक आयोग, आपण राहतो त्याच जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंत दिले असतील तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं.

आधी रिपोर्ट जोडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या म्हणून. ही संधी द्यायलाच हवी असं माझं मत, उद्या तो "मुझे बताया ही नहीं" म्हणू शकत नाही. त्याने उत्तर दिलं नाही. तक्रार दाखल झाली, आयोगाने मध्यस्थीला पाठवलं, आणि तो व्हिडिओ समोर आल्यावर ठेकेदार एक लाख चाळीस हजार परत द्यायला तयार झाला. दोन चेकने दिले, दोन्ही वटले.

गच्ची दुसऱ्याकडून करून घेतली. त्याच्याकडून काकूंनी काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घेतलं, उतार किती, पाणी किती दिवस मारणार, आणि शेवटचा हप्ता गच्चीवर पाणी भरून बघितल्यावरच.