कोच गावचा गाडीवान

बुडापेस्ट आणि व्हिएन्ना यांच्यामध्ये हंगेरीत कोच नावाचं एक छोटं गाव आहे. पंधराव्या शतकात, म्हणजे राजा मात्याशच्या काळात (1458–1490), इथले कारागीर हलक्या, वेगवान चारचाकी घोडागाड्या बांधायचे. गावाच्या नावाला 'इ' लावून लोक त्यांना 'कोचि सॅकेर', कोचची गाडी, म्हणू लागले. पुढे 'सॅकेर' गळालं. आपण तरी चपलांच्या दुकानात 'कोल्हापुरी दाखवा' एवढंच म्हणतो ना!

या 'कोचि'ला 'श' लागला की झाला 'कोचिश', गाडीवान. हा 'श' मोठा कामाचा. लॉकॉत म्हणजे कुलूप, लॉकॉतोश कुलपं करणारा. ऑस्तॉल म्हणजे टेबल, ऑस्तॉलोश सुतार. शब्द व्यंजनात संपला तर मध्ये एक स्वर येतो. 'कोचि'च्या शेवटी तो आयताच आहे. पण प्रत्येक 'श'वाल्याला कारागीर समजू नये: 'शो' म्हणजे मीठ आणि 'शोश' म्हणजे नुसतं खारट. मुळात अर्थ 'ते असलेला' एवढाच.

'कोचिश' हे आडनावही आहे. रोमन लिपीत ते Kocsis असं लिहिलेलं पाहून आपण हमखास 'कोक्सिस' वाचतो. हंगेरियनमध्ये सी-एस मिळून 'च' आणि एकटा एस 'श'. 1954च्या फुटबॉल विश्वचषकात 11 गोल करणारा शांदोर कोचिश आडनावाने गाडीवानच.

गाडीबरोबर शब्दही युरोपभर फिरला. स्पॅनिशमध्ये कोचे, इंग्रजीत कोच. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून ओढून नेणाऱ्या शिक्षकाला कोच म्हणायला सुरुवात केली. तेव्हा आपला रेल्वेचा कोच, क्रिकेटचा कोच आणि गल्लोगल्लीचे कोचिंग क्लास, सगळ्यांचं मूळ गाव एकच. दिवाणखान्यातला कोच मात्र या घराण्यातला नव्हे. तो आडवं होण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून इंग्रजीमार्गे आला.

आज हंगेरीत बोलताना मोटारीलाही 'कोचि' म्हणतात, पण ती चालवणारा शोफर, कोचिश घोड्यांचाच. गुत्त्याला तिथे 'कोचमा' म्हणतात, तेही या गाडीला जोडायचा मोह होतो, पण ते स्लाव्हिक भाषांतून आलं आहे. 'कोचिशसारख्या शिव्या घालतो' हा वाक्प्रचार मात्र अस्सल गाडीवानाचाच.