चौथ्या सिलिंडरचा आकडा

२०१२ च्या मार्चमधल्या त्या सोमवारी इंजिन उतरवायचे, हे आम्ही आठवडाभर आधीच ठरवून टाकले होते. नाशिकजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये चेन ब्लॉक टांगून तयार होता, लाकडी ठोकळ्यांवर एका अपघातग्रस्त पिकअपचे डिझेल इंजिन पुसूनपासून ठेवले होते, आणि मधोमध लष्कराने बाद केलेला निसान वन टन ट्रक बॉनेट उघडून उभा होता. तोवर मी पंधरा वर्षे टेम्पो, पिकअप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करत आलो होतो, पण लष्करी ट्रक माझ्या हाती पहिल्यांदाच आला होता.

तो दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा होता. लष्कराची बाद वाहने लिलावात ‘जशी आहेत, जिथे आहेत’ या अटीवर लॉटने विकली जातात. असा लॉट उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी हा एकच ट्रक घेतला होता. वाहन हाती पडले, तरी कागद मात्र सहजासहजी मिळाले नाहीत. लष्करातून बाहेर पडलेल्या वाहनाची नागरी नोंदणी करायची, तर संबंधित लष्करी कार्यालयाने दिलेले नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. ते पुढच्या महिन्यात देतो असे सांगत व्यापाऱ्याने सात महिने घालवले. तेव्हापासून असे वाहन घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो, की आधी कागद हातात घ्या आणि मग ट्रेलर बोलवा.

शक्तिमान ट्रक, वन टन आणि जोंगा जीप ही तिन्ही लष्करी वाहने जबलपूरची. शक्तिमान जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर तयार होत असे, तर वन टन आणि जोंगा निसानच्या. जोंगा हे नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. वन टन आणि जोंगा यांचे इंजिनही एकच, ३९५६ सीसीचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. ताकद भरपूर आणि तहानही तेवढीच. लिटरला चार किलोमीटर मिळाले तर खूप झाले. त्यामुळे बाहेर आलेल्या बहुतेक वन टन आणि जोंगांची पेट्रोल इंजिने भंगारात गेली आणि त्यांच्या जागी मिळतील ती डिझेल इंजिने बसली. बागायतदारांनाही डिझेलच हवे होते. त्याखेरीज मागच्या हौद्यात दोन माणसांना झोपण्याची सोय, पाण्याची टाकी आणि वरून पुन्हा अस्सल लष्करी हिरवा रंग, एवढ्या त्यांच्या मागण्या होत्या. मी सगळ्याला होकार दिला होता.

त्या सकाळी हवालदारसाहेब त्यांची स्कूटर घेऊन आले. ते भगूरला राहतात. लष्कराची वाहने आणि यंत्रे सांभाळणाऱ्या ईएमई विभागात व्हेइकल मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, आणि तिथले ‘कर्म ही धर्म’ हे ब्रीद त्यांच्या घराच्या दारावर आजही रंगवलेले आहे. स्कूटरचा प्लग बदलून होईपर्यंत ते ट्रकभोवती एक फेरी मारून आले, हात मागे बांधून, कशालाही न शिवता.

“मालक, इंजिन का उतरवताय?”

“पाचच सिलिंडरवर चालतंय, साहेब. धक्के देतंय. तसंही डिझेल बसवायचंच आहे.”

“कॉम्प्रेशन किती आलं?”

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. मी तो मोजलाच नव्हता. इंजिन काढायचेच आहे तर मोजायचे कशाला, असा माझा हिशोब होता. त्यांनी मला दोष दिला नाही. “उतरवायला अर्धा दिवस लागेल, मोजायला अर्धा तास,” एवढेच म्हणाले, आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पुढचा अर्धा तास मला आजही पायरी-पायरीने आठवतो. इंजिन गरम करून आम्ही सहाही प्लग काढले आणि ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडले. पाच प्लग मातकट तपकिरी होते, चौथा काळा आणि ओलसर. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्कोची वायर सुटी केली, बॅटरी पूर्ण चार्ज असल्याची खात्री केली आणि माझ्या पोऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला बसवले. कार्बोरेटरचे तोंड बंद राहिले, तर सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही आणि आकडे खोटे येतात. मग प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारला. पहिला १२८, दुसरा १२५, तिसरा १२६. चौथ्याला काटा ५५ वर थांबला. पाचवा १२२, सहावा १२७.

हे आकडे मी खडूने भिंतीवर लिहिले आणि त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. ज्याला मी संपलेले इंजिन समजत होतो, त्याचे पाच सिलिंडर एकमेकांना इतके जवळचे होते, की हे इंजिन फार तर एकदा बांधून झाल्यावर थोडेच चालले असावे. झिजलेल्या इंजिनाचे आकडे असे येत नाहीत. ते खाली तर येतातच, शिवाय एकमेकांपासून दूर पांगतात.

हवालदारसाहेबांनी चौथ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायला सांगितले. रिंगा झिजल्या असतील, तर ऑइलने फट भरते आणि आकडा झटकन वर जातो. आम्ही पुन्हा सेल्फ मारला, तर काटा जेमतेम ५८ वर गेला. म्हणजे रिंगा आणि बोअर ठीक होते, गळती वरच्या बाजूला होती.

टॅपेट कव्हर काढले. पुढचे काम त्यांनी स्वतः केले. इंजिन हाताने फिरवत त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचे दोन्ही वॉल (व्हॉल्व्ह), म्हणजे आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, एकाच वेळी हलते असतील अशा जागी आणून थांबवले. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार अशा फायरिंगमध्ये, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमात, तिसरा आणि चौथा जोडीदार असतात, त्यामुळे तिसरा तिथे असताना चौथा कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असतो आणि त्याचे दोन्ही वॉल पूर्ण बंद असायला हवेत. इनटेकच्या रॉकरखाली, म्हणजे वॉल दाबणाऱ्या दांडीखाली, फट मोजायच्या फीलर गेजची पाती बरोबर सरकली. एक्झॉस्टच्या रॉकरखाली सगळ्यात पातळ पातीदेखील गेली नाही. त्यांनी माझे बोट धरून त्या रॉकरवर ठेवले. “हलवून बघा.” बाकीचे रॉकर बोटाने किंचित टकटकत होते, हा मात्र दगडासारखा घट्ट होता.

पानाने चेकनट सैल करून त्यांनी गॅप मोकळा केला आणि आम्ही पुन्हा गेज लावला. काटा १०५ वर गेला. हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, एकही बोल्ट सुटलेला नव्हता.

बिघाडाचे कारण हेड उघडल्यावर कळले, पण त्याचा अंदाज त्यांनी तिथेच सांगितला होता. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे, आणि जळल्यावर त्याचा पातळ थर वॉल आणि तो मिटताना टेकतो त्या सीटमध्ये बसून गादीचे काम करायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले. आपल्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते, पण शिशाच्या पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट वॉल थेट मऊ सीटवर आपटू लागला. सीट हळूहळू खाली बसते, वॉल तेवढा वर सरकतो, टॅपेटचा गॅप कमी होत जातो, आणि शेवटी वॉल पूर्ण मिटतच नाही. ठरलेल्या वेळी कुणी गॅप तपासत असेल तोवर हे सांभाळले जाते. लष्करातली ‘फर्स्ट परेड’, म्हणजे गाडी हलवण्याआधीची रोजची तपासणी, दिवसाचे काम संपल्यावरची ‘लास्ट परेड’, आणि ठराविक किलोमीटरनंतरची नेमून दिलेली कामे यांतून हे इंजिन निरोगी राहिले होते. बाद होऊन बाहेर आले आणि कुणीतरी नुसतेच चालवले, तेव्हा ते आजारी पडले.

चेन ब्लॉक तसाच लोंबत होता. मी बागायतदारांना फोन करून बोलावून घेतले. ते दुपारी आले, भिंतीवरचे आकडे त्यांनी पाहिले, पण पटले नव्हते. “शेठ, पेट्रोल पाजत बसू का आयुष्यभर?” हा प्रश्न रास्त होता, म्हणून मी कागद घेऊन बसलो. वर्षाला त्यांचा ट्रक फार तर दोन हजार किलोमीटर फिरणार होता. म्हणजे पाचशे लिटर पेट्रोल, त्या वेळच्या भावाने सुमारे पस्तीस हजार रुपये. डिझेलवर हाच खर्च दहा हजारांच्या आसपास आला असता. पण इंजिन, अ‍ॅडॅप्टर प्लेट, इंजिन टेकवायच्या नव्या फाउंडेशन, शाफ्ट आणि मजुरी धरून बदलाचा खर्च दीड लाखाच्या वर जात होता. त्याखेरीज मागच्या हाउसिंगचे, म्हणजे चाके फिरवणाऱ्या डिफरन्शियलचे, दात पेट्रोल इंजिनाच्या फेऱ्यांना धरून आहेत; कमी फेऱ्यांचे डिझेल लावले की ट्रक पन्नासच्या पुढे ओरडतच राहतो. आणि इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी हवी. ही गोष्ट आमच्या धंद्यात फार सैल समजली जाते. मीही ती सैलच समजत आलो होतो, हे इथे लिहायला हवे.

तरी त्यांचे मन वळले ते आकड्यांनी नव्हे. हवालदारसाहेब ट्रकखाली सरपटले आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने मागच्या हाउसिंगवरचे बोटभर जाड ग्रीस पुसू लागले. खालून पांढरा रंग निघाला. त्यांनी बागायतदारांना खाली बोलावले. आम्ही तिघेही सतरंजीवर पाठ टेकून वर पाहत होतो. पांढऱ्या गोलाच्या वरच्या बाजूला चेसिसला एक चपटा, छोटा दिवा बसवलेला होता, काच शाबूत. रात्रीच्या कॉन्व्हॉयमध्ये सगळे दिवे बंद असतात. हा एक दिवा फक्त त्या पांढऱ्या गोलावर पडतो, आणि मागच्या ट्रकचा चालक तेवढ्यावर नजर ठेवून अंतर राखत चालवतो. वरून तो दिसत नाही. “घाटात रात्रभर एवढंच बघत गेलोय आम्ही,” हवालदारसाहेब म्हणाले. बागायतदार बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर कपडे झटकत त्यांनी विचारले, “काका, हा दिवा परत पेटंल का?”

इंजिन राहिले.

पुढची कामे चार महिने चालली. हेड मशीनशॉपमध्ये देऊन सहाही एक्झॉस्ट वॉलना कठीण धातूच्या सीट बसवल्या, गॅस्केट जोंगाचे चालले, रेडिएटरची जाळी नवी केली, चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर बदलले. हौद्यातल्या घडीच्या लाकडी बाकांच्या फळ्या तासून त्यांचाच पलंग केला, आणि पाण्याची टाकी त्याखाली मूळच्या भोकांतून बोल्टने आवळली. जे नवे बसवले ते नट-बोल्टवर बसवले. चेसिसला वेल्डिंगचा एकही टाका लागू दिला नाही.

रंगाचे मात्र त्यांच्या मनासारखे झाले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लष्कराच्या वाहनाखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. मागचा फाळका पॉलिश पेपरने घासताना एकाखाली एक थर उघडे पडत गेले: हिरवा, त्याखाली वाळूसारखा पिवळा, पुन्हा हिरवा, आणि तळाशी रेड ऑक्साइड. हा ट्रक कधीतरी वाळवंटात होता, एवढे त्यातून कळले. मडगार्डवर चाकातल्या हवेचा दाब सांगणारी ‘टीपी’ ही अक्षरेही पुसट निघाली. तो पिवळा पाहून बागायतदारांनी हिरव्याचा हट्ट सोडला आणि त्याच वाळूच्या रंगाचा नमुना पेंटरकडे दिला.

नोंदणीच्या दिवशी चेसिस क्रमांकावरचे रंगाचे थर काढून मी त्यावर कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. अक्षरे एकेक करून उमटली, एकही तुटलेले नव्हते. निरीक्षकांनी ट्रेस कागदांशी ताडून पाहिला, बॉनेट उघडायला लावले, इंजिन क्रमांकही जुळवला आणि सही केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा इंजिन बदललेले कितीतरी जोंगावाले माझ्याकडे विचारपूस करत आले. पहिल्या दौडीला आम्ही नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडावर गेलो. हवालदारसाहेब चालकाशेजारी बसले होते आणि घाटाच्या पायथ्याशी त्यांनी ट्रक थांबवून सगळी चाके हाताने चाचपली.

दरवर्षी द्राक्षांचा हंगाम संपला की ट्रक माझ्याकडे येतो. टॅपेट तपासतो, सहाही सिलिंडर मोजतो, आणि आकडे त्याच्यासाठीच ठेवलेल्या वहीत उतरवतो. हेड बांधले त्या वर्षी चौथा १२७ होता. मागच्या उन्हाळ्यात तो १२१ आला, आणि तिसरा १२०.