धादिंगच्या डोंगरात सेवेला जाताय? पत्रकं नेऊ नका, जीपचं भाडं आधी ठरवा

आम्ही चर्चचा एक संघ नेपाळमधल्या धादिंग जिल्ह्यातल्या एका गावात सेवेला जाऊन आलो, त्यावरून हे सांगतोय. सगळ्यात आधी पत्रकांबद्दल. निघताना संयोजकाने प्रत्येकाच्या बॅगेत येशूची सुवार्ता सांगणाऱ्या नेपाळी पत्रकांचे गठ्ठे भरले. "गावोगावी वाटा, तिथे कुणी काही म्हणत नाही," असं वर सांगितलं. धादिंगबेसीला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य गावी, आम्हाला घ्यायला आलेल्या तिथल्या चर्चच्या पाळकांनी गठ्ठे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी बॅगा बंद करायला लावल्या, मग जयमसीह केलं.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेनुसार स्वतःचा धर्म पाळायला मोकळीक आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. हा कायदा नुसता पुस्तकात नाही. डोल्पा जिल्ह्यात पत्रकं वाटल्याच्या आरोपावरून पोखऱ्याच्या एका पाळकाला २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती एक वर्षावर आली. आपण आठवड्याभरात निघून येतो, चौकशी होते ती मागे राहणाऱ्या पाळकांची. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आत, उपासनेत, साक्ष द्या, प्रार्थना करा, गा. बाहेर काहीही वाटू नका. तांदूळ, कपडे, औषधं वाटताना प्रार्थना करणं तर अजिबात नको, कारण त्यालाच आमिष म्हणतात. आमचे गठ्ठे तिथूनच काठमांडूला परत गेले.

आता रस्ता. काठमांडूहून मलेखू आणि तिथून धादिंगबेसी, इथवर काही अवघड नाही, धूळ आणि ट्रक सोडले तर. धादिंगबेसीच्या वर मात्र जे आहे त्याला रस्ता म्हणणं धाडसाचं आहे. "ऑगस्टमध्ये पाऊस संपतो" हे संयोजकाचं दुसरं वाक्य. नेपाळचा पावसाळा सप्टेंबरअखेरीपर्यंत सहज लांबतो आणि आम्ही नेमके त्याच्या शेपटीत सापडलो. घोट्याच्या वर चिखल, एका बाजूला नुकतीच कोसळलेली दरड, दुसऱ्या बाजूला सरळ खोल दरी. ओढ्यात जीप अडली की सगळ्यांनी उतरायचं, दगड टाकायचे, ढकलायचं, पुन्हा चढायचं. हे किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. मागच्या बाकावर बसलेल्यांचे गुडघे आणि डोकं दोन्ही सोलून निघाले. पुढची जागा मागून घ्या, लाजू नका.

आणि भाडं! संयोजकाने 'रिझर्व्ह जीप'च्या नावाखाली आमच्याकडून जे घेतलं, ते त्याच जीपमध्ये बसणाऱ्या गावकऱ्याच्या माणशी भाड्याच्या चौपट होतं. वर वाटेत आणखी आठ माणसं आणि दोन बोकड चढवले, म्हणजे ती रिझर्व्हही नव्हती. परतताना पाळकांनी स्वतः चालकाशी बोलणं केलं आणि आम्ही गावकऱ्यांच्याच दराने उतरलो. भाडं पाळकांनाच ठरवू द्या, जीपमध्ये बसण्याआधी, आणि एकूण रकमेचं.

कामाबद्दलही चुकीचं सांगितलं होतं. "आपण तिथे चर्च बांधणार." चर्च उभंच होतं. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, आणि तो शनिवार होता. शनिवार सुट्टीचा, म्हणून नेपाळभर उपासना शनिवारीच होते. लोक प्रार्थनेला बसलेले असताना दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. या गावानेही माणसं गमावली. त्यानंतर मंडळीने पत्र्याचं छप्पर घालून इमारत पुन्हा उभी केली, स्वतःच्या हातांनी, आम्ही तिथे असण्याच्या कितीतरी आधी. आमच्यासाठी काम होतं ते शौचालयाचं: वाळू आणि सिमेंट रस्त्यापासून वर नेणं, तासाभराची खडी दगडी चढण.

तिथे तुम्ही हमाल आहात, गवंडी नाही. गवंडी गावात आहेत आणि चांगले आहेत. बायका डोकोत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, ५० किलोची पूर्ण गोणी घालून नाम्लोने, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने, उचलतात. सवय नसताना नाम्लो लावू नका, मान धरते. अर्धी गोणी पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या. हातमोजे आणि पकड असलेले जुने बूट न्या. पावसात गेलात तर जळवांसाठी मीठही. हे वाहून देण्यानेच त्यांचे मजुरीचे पैसे वाचले, म्हणून मला हे काम भाषण देण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

शनिवारच्या उपासनेसाठी मात्र कितीही चिखल तुडवावा. चपला बाहेर, जमिनीवर बैठक, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मादल या ढोलकीच्या तालावर भजनं. देवनागरी असल्यामुळे भजनाचं पुस्तक हातात घेऊन तुम्हीही गाऊ शकता. वेळ बराच लागतो, भरपूर खाऊन जा. पाहुण्यांना बोलायला उभं करतात. हिंदीत बोला, बहुतेकांना कळतं. पाच मिनिटांत संपवा. मी तिथे जेवढा आनंदाने गायलो तेवढा गेल्या कित्येक वर्षांत गायलो नाही.

कागदपत्रं: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. संघात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेलं कुणी असेल, तर पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही. हे आधीच पाळकांना सांगा. भारतीय शंभराचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, कुणी कमी देत असेल तर पुढच्या दुकानात जा. शहरात यूपीआय चालतं, डोंगरात रोख लागते.

पावसाळ्यात रात्रीची बस घेऊ नका. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरडीने दोन बसगाड्या त्रिशुली नदीत ढकलल्या, त्या पहाटेच्या अंधारातल्याच होत्या. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबर उत्तम, फक्त दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, आठवड्यात जागा मिळत नाही.

पोखऱ्याचा मुक्काम निवांत गेला. रामघाटची १९५२ ची मंडळी पाहिली, बाकी तळं वगैरे सगळ्यांना माहीत आहे.

संयोजकाची मला आता गरज नाही. पाळकांचा नंबर माझ्याकडे आहे. पाण्याच्या टाकीचे पाइप आले की ते फोन करणार आहेत आणि मी जाणार आहे, या वेळी नोव्हेंबरमध्ये.