आमची वाटचाल: शेकाच्या मशीनविना

बडोद्यात फिजिओथेरपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी मशीन येतं. शॉर्टवेव्ह म्हणजे विद्युतलहरींचा खोल शेक, अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार (सोनोग्राफी नव्हे), आयएफटी म्हणजे दुखऱ्या जागी सौम्य वीजप्रवाह. पंधरा मिनिटं शेक आणि दहा दिवसांचं पॅकेज. दांडिया बाजारात दवाखाना थाटताना आम्हीही ही तिन्ही यंत्रं घेतली, कारण गुडघे आणि खांदे धरून येणारा पेशंट त्यांच्याशिवाय दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. गरोदर बायका येऊ लागल्या आणि हा हिशेब कोलमडला. शॉर्टवेव्ह त्यांना द्यायचीच नसते. अल्ट्रासाउंड किंवा आयएफटी पोटावर, कमरेवर लावायचं नसतं. म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं, तेच देता येत नाही. उरतं ते तपासणं, शिकवणं आणि घरातल्या हालचाली बदलणं. त्यावर दवाखाना चालवता येतो का, हे आम्हाला ठरवायचं होतं.

गरोदरपणात साधारण पाचांतल्या एकीला कटीर, म्हणजे कमरेखालचा हाडांचा घेर, दुखण्याचा त्रास होतो. दुखणं पुढे, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या जघनास्थीच्या सांध्यात असतं, किंवा मागे, कमरेखाली दोन खळ्या दिसतात तिथल्या सांध्यांत, कधी दोन्हीकडे. तिथून जांघेत आणि नितंबात चमक जाते. ‘हार्मोनमुळे सांधे सैल होतात’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण रिलॅक्सिन या हार्मोनचं प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचा सरळ संबंध दाखवता आलेला नाही. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४-५ मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ती आणखी २-३ मिलिमीटरने वाढते, हे बहुतेक सगळ्यांचंच होतं. त्रास होतो तो वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना. म्हणून कूस बदलताना, परकर घालताना आणि जिना चढताना कळ येते, आणि नुसतं स्वस्थ पडून राहिलं की बरं वाटतं.

तपासणीत आम्ही सर्वांत जास्त विश्वास पाय उचलण्याच्या चाचणीवर ठेवतो. उताणं झोपून, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवून, गुडघा न वाकवता एक पाय २० सेंटिमीटर उचलायचा. किती जड गेला याला ० ते ५ गुण. दोन्ही पाय मिळून १० पैकी. मग आम्ही दोन्ही हातांनी खुब्यांवर बाजूने दाब देतो आणि तोच पाय पुन्हा उचलायला सांगतो. हलका झाला तर खुब्यांभोवती बांधायचा पट्टा उपयोगी पडेल, नाही झाला तर तो घ्यायला लावत नाही. पुढच्या सांध्यावर बोटाने दाबून बोट काढल्यावर दुखणं पाच सेकंदांहून जास्त रेंगाळलं, तर तो सांधा धरला आहे असं समजायचं. शेवटच्या महिन्यांत उताणं ठेवायचं ते दोन-तीन मिनिटंच, उजव्या कमरेखाली उशी देऊन.

काहींना हात लावण्याआधीच परत डॉक्टरांकडे पाठवतो. रक्तस्राव, पाणी जाणं, ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल कमी होणं, तापासोबत लघवीची जळजळ, एकाच पोटरीला सूज, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा बसायची जागा बधिर होणं, यांपैकी काहीही असलं तर व्यायाम थांबवायचा. एक गोष्ट सहज निसटते: शेवटच्या तिमाहीत एकाच जांघेत खोल दुखणं आणि पाय टेकवताना लंगडणं. तिथे खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ झालेलं असू शकतं. तशा हाडावर व्यायाम लादला तर ते मोडू शकतं.

खरं काम घरात असतं, म्हणून शॉर्टवेव्ह विकून टाकली आणि त्या जागी घरच्यासारखा बुटका पलंग, दोन लाकडी पायऱ्या आणि रिक्षाचं एक जुनं सीट ठेवलं. सीट पाहून नवे पेशंट हसतात, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच निघतात. एक पाय उचलून आत टाकला की सगळा भार दुसऱ्या बाजूच्या सांध्यावर येतो. म्हणून पाठ सीटकडे करून आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून एकत्र आत वळवायचे. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. निघण्याआधी ती काढून घ्यायची. स्कूटरवर एका बाजूला बसलं की कंबर पिळते, आणि पाय दोन्हीकडे टाकले तर पुढचा सांधा ताणतो. दुखणं असेपर्यंत स्कूटर नको.

दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांचे जिने उभे असतात. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून. दिवसातल्या खेपा कमी करता येतात, त्यासाठी सामान एकदाच वर न्यावं. परकर, सलवार बसून घालावी. रात्री उशी गुडघ्यांमध्येच घातली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा वळतो. ती घोट्यांपर्यंत हवी. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपावं. कूस बदलताना गुडघे घट्ट जुळवून खांदे आणि कंबर एकदम वळवायचं. गाऊन गुळगुळीत कापडाचा असला की घर्षण कमी होतं.

आमच्या गावात झोपाळा घरोघरी. एक पाय दुमडून दुसऱ्याने रेटा द्यायचा, ही जन्माची सवय. कटीर दुखत असेल तर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, आणि झोका दुसऱ्याने द्यायचा. डोहाळजेवणालाही हेच. मोठ्या मुलाला कडेवर घेणं आणि ओट्यापाशी एका पायावर भार टाकून पोळ्या लाटणंही बंद.

सगळ्यात जास्त वाद होतो तो फरशीवरून. उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं, असं सासूबाई सांगतात. गर्भसंस्काराच्या वर्गात फुलपाखरू आसन शिकवतात. न दुखणारीला हे चालेल. पुढचा सांधा दुखत असेल तर दोन्ही त्रास वाढवतात, कारण दोन्हींत मांड्या फाकतात. म्हणून पहिल्या भेटीला घरातल्या मोठ्या बाईलाही सोबत बोलावतो. सूनबाईने आमचं नाव सांगून खुर्ची मागितली तर वाद होतो, सासूबाईंनी स्वतः ऐकलं तर खुर्ची येते.

पट्ट्यावर आम्ही कमिशन घेत नाही. औषधाच्या दुकानांत ‘मॅटर्निटी बेल्ट’ म्हणून पोट उचलणारा रुंद पट्टा मिळतो, त्याचा या दुखण्याशी संबंध कमीच. हवा तो ५-७ सेंटिमीटर रुंद, फार न ताणणारा. माप कमरेचं न घेता खुब्यांवरचं घ्यायचं. पट्टा पोटाखाली, खुब्याच्या बाहेर आलेल्या हाडाच्या जरा वर बसतो. ओढ सुमारे ५० न्यूटन, म्हणजे पाच किलो वजन टांगल्याइतकी, पुरते. दुप्पट केली तरी फायदा वाढत नाही, मुंग्या मात्र येतात. चालताना, कामात घालावा, झोपताना काढावा. बसल्यावर वर सरकला तर मापच चुकलेलं असतं.

व्यायाम थोडेच. श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखे तळाचे स्नायू वर उचलून ओटीपोट हलकेच आत घेणं, ५ सेकंद, १० वेळा, दम न कोंडता. खुर्चीत गुडघ्यांमध्ये उशी हळू दाबणं, तेवढंच. हातापायांवर येऊन पाठ वर-खाली करणं. रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं. कुशीवर पडून गुडघा उघडण्याचा व्यायाम पुढचा सांधा दुखणाऱ्यांना देत नाही.

पैशांचं गणित असं बसलं: पहिली भेट एक तासाची, पुढच्या अर्ध्या तासाच्या, पॅकेज नाही. गुडघ्यांचे शेक अजूनही दवाखान्याचं भाडं भरतात, ते लपवण्यासारखं नाही. बहुतेकजणी सातव्या महिन्यानंतर माहेरी, पुण्या-मुंबईला जातात, त्यामुळे पुढच्या भेटी व्हिडिओवर ठेवाव्या लागल्या. जाताना एक कार्ड देतो. त्यावर न दुखता गुडघे किती उघडतात ते सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, शिवाय कुशीवर किंवा हातापायांवर प्रसूती करता येईल का ते डॉक्टरांनी पाहावं, आणि टाके घालताना दोन्ही पाय एकाच वेळी उचलावे. पाठीतून भूल दिली असेल तर दुखणं कळत नाही, तेव्हा या आकड्याची गरज जास्त. या दुखण्यापायी सिझेरियन करावंच लागतं असं नाही.

पहिल्या भेटीला सोनोग्राफीची फाईल, रोजची चप्पल आणि घेतला असेल तर पट्टा आणावा. सलवार सैल असावी.