आधी गाडी, मग कागद: आमची वाटचाल

लातुरात रेणापूर नाक्याच्या अलीकडे पत्र्याच्या दोन शेडमध्ये आमचं काम चालतं. पाटीवर लिहिलंय: कार्बोरेटर, डिझेल पंप, पीयूसी. पाटी रंगवणारा म्हणाला होता, "मालक, गिऱ्हाईक पीयूसीला येतंय, तेच वर मोठ्ठं घ्या की." घेतलं नाही. नुसता कागद पाहिजे असलेल्या माणसाने आमच्याकडे यावं असं तेव्हाही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही.

सुरुवात भूकंपानंतरची. १९९३ नंतर पुनर्वसनाच्या कामावर औसा, निलंगा, किल्लारी भागात जीपा रात्रंदिवस पळायच्या, आणि जीप म्हणजे डिझेल पंप आणि नोजल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड. जागा माझी, हुन्नर उस्तादांचा, अशी भागीदारी ठरली. उस्ताद मूळचे उदगीरचे, पंपाचं काम हैदराबादेत शिकलेले. येताना त्यांनी एक हातपंपाचा नोजल टेस्टर आणला. दांडा दाबायचा, गेजवर प्रेशर बघायचं, नोजल किती प्रेशरला उघडतंय आणि फवारा कसा पडतोय ते तपासायचं. चांगलं नोजल चिरचिर आवाज करतं आणि त्याचं डिझेल धुक्यासारखं उडतं. बिघडलेलं नोजल एका बाजूला धार मारतं, नाहीतर टोकाला थेंब धरतं. त्या थेंबाचाच पुढे काळा धूर होतो. "पैले नोजल देको, बाद में इंजन कू गाली देव," हे उस्तादांचं रोजचं वाक्य. टेस्टर आजही वापरात आहे. गेजची काच तेवढी बदललीय.

माझं काम पेट्रोलचं. प्लगची गॅप, पॉइंटची गॅप, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज. व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारं, आता पोरं वापरत नाहीत, पण चारशे रुपयांच्या या गेजाइतकं खरं बोलणारं हत्यार दुसरं नाही. सुई स्थिर असली की इंजिन बरं, ठरावीक लयीत फडफडली की एखादा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर गेला. फक्त पुस्तकातला आकडा जसाच्या तसा धरू नका. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे सुई दोन इंच कमीच दाखवते. मुंबईत शिकून आलेली कितीतरी पोरं इथे येऊन चांगल्या इंजिनाचे हेड उतरवतात.

पुढे गॅस अॅनालायझर आणि स्मोक मीटर घेतलं, पीयूसीचं लायसन काढलं. दहा-बारा वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग व्हॅनवाला आला. नाव घेत नाही, लातुरात सगळ्यांना माहीत आहे. त्याची व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी असायची आणि पीयूसी पाच मिनिटांत. पाच मिनिटांत होणारच, कारण मशीनची नळी सायलेन्सरमध्ये जातच नव्हती. जीपवाले आमच्याकडे यायचे तेव्हा आम्ही जीप गरम करायचो, रेस करून धूर मोजायचो. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी निकष; एचएसयू म्हणजे धुराचा काळेपणा मोजायचं माप. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूची मर्यादा आहे. ऐंशी आलं तर सांगायचो, नोजल काढा, एअर फिल्टर बदला, पंप दाखवा. जीपवाला म्हणायचा, "एवढा खर्च कशाला सांगलालाव, तिकडं तर पास व्हायलालीय." आणि जायचा. तिकडे पास होऊन धूर सोडत आमच्याच दारावरून परत जायचा.

हे दुखतं ते पैशासाठी नाही. म्हणजे पैशासाठीही दुखतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्याच्याकडचे तीन कागद माझ्या हातात आले. तीन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या सालच्या पेट्रोल गाड्या, आणि तिन्हींचे आकडे दशांशापर्यंत सारखे. ज्याने आयुष्यभर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवला, त्याला असा कागद बघून काय होतं ते दुसरा कार्बोरेटरवालाच सांगू शकेल. तक्रार केली. अर्जावर पोच मिळाली, तेवढीच.

त्यात दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. गॅरेजवाल्याचं काय झालं ते कुणी दाखवलं नाही. रेडिएटरमध्ये घालायला पाणी विकत घेत होतो. लोक बोअरचं क्षाराचं पाणी घालायचे आणि रेडिएटर चोंदायचे. शेतकऱ्यांनी जीपा विकल्या. वडापवाले उधारीवर गाडी सोडवून न्यायचे आणि पुन्हा त्या रस्त्याला दिसायचे नाहीत. नोव्हेंबरात नोटाबंदी. उस्तादांचे डोळे तोवर गेले होते, ते उदगीरला मुलाकडे निघून गेले, हिशेब मात्र शेवटच्या रुपयापर्यंत पुरा करून. मग पीयूसी ऑनलाइन झाली आणि आमचं जुनं मशीन निरुपयोगी ठरलं. नवं मशीन, कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळं पतसंस्थेच्या कर्जावर. ज्या कंपनीने मशीन विकलं तिचा माणूस कॅलिब्रेशनला बोलावलं की "उद्या" म्हणायचा, आणि तेवढे दिवस सेंटर बंद. हप्ते थकले. एक भंगारवाला येऊन उस्तादांचा टेस्टर हाताने तोलून किलोचा भाव सांगून गेला.

तेव्हा जे टिकलो ते एका मारुती ८०० मुळे. गाडी १९९७ ची, मालक झेडपी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दर सहा महिन्यांनी पीयूसीला यायचे. मी नको म्हणालो तरी आधी ट्युनिंग करून घ्यायचे आणि आकडे वहीत लिहायचे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड), एचसी (न जळालेलं पेट्रोल), तारीख, कोणता प्लग बदलला. त्या सालच्या गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं. गुरुजींच्या गाडीचा सीओ एकच्या आत असायचा, तरी विचारायचे, "मिस्त्री, मागच्या वेळेपेक्षा का वाढलं?" त्यांना व्हॅनची गोष्ट कळली, तर त्यांनी काय केलं असेल? आपली वही घेऊन निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत गेले. पुढच्या महिन्यात जुन्या ८००, झेन, एक पद्मिनीसुद्धा, अशी रांग लागली. मास्तर लोक पैशाला कडक, घासाघीस करतात, पण वेळेवर देतात. पतसंस्थेचे हप्ते त्यातून फिटले.

२०१२ ला गुरुजींच्या गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी पासिंग. २०१७ झालं, २०२२ झालं. पुढचं २०२७ ला, आणि तेही आमच्याकडूनच होणार.

आता जुनी गाडी पीयूसीला आणणाऱ्यांसाठी. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

गाडी थंड आणू नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. थंड इंजिनात मिक्श्चर घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असतं, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २००५ पासून बीएस-२ लागू झालं. त्या गाडीला सीओ ०.५ आणि एचसी ७५० ची मर्यादा. बीएस-४ ला ०.३ आणि २००. या गाड्या थंड आणून "मशीन खराब आहे" म्हणणारे रोज भेटतात.

कापड मारून एअर फिल्टर साफ होत नाही. सोयाबीनच्या दिवसांत मोंढ्याकडून एक चक्कर मारा आणि फिल्टर काढून बघा. फिल्टर चोंदला की सीओ वाढतो. सीओ बरोबर आणि एचसी वाढलेला म्हणजे गाडी मिसिंग मारते, एखादा सिलिंडर नीट पेटत नाही: प्लग, वायर, पॉइंट किंवा टायमिंग बघा. स्क्रू इतका आवळू नका की सीओ शून्याकडे जाईल, मग मिक्श्चर पातळ होऊन गाडी मिसिंग मारते आणि एचसी उडतो. सायलेन्सरला भोक असेल तर ते आधी वेल्ड करा. बाहेरची हवा आत जाऊन आकडा छान दिसतो, पण आमच्या मशीनवर ऑक्सिजन वाढलेला दिसतो, आणि ते आम्ही पास करत नाही.

जुनी इंडिका डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवून या. धुराच्या टेस्टमध्ये अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा लागतो. जीर्ण बेल्ट तिथेच तुटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून आम्ही आधी बेल्ट विचारतो, मग रेस करतो. याला काही लोक "वेळकाढूपणा" म्हणतात.

आणि ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या कार्बोरेटरमधले रबर, डायफ्राम, पाइप कडक होतात किंवा फुगतात. गाडी अचानक ओव्हर व्हायला, म्हणजे कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल यायला लागली तर स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा. किट दोन-तीनशेत मिळतं.

व्हॅनवाला आता व्हॅनवर नाही, पक्क्या दुकानात आहे, दुसऱ्या नावाने. लोक म्हणतात, आता फोटो काढावा लागतो, लबाडी बंद झाली. फोटो नंबर प्लेटचा निघतो, नळीचा नाही.

आमच्याकडे पीयूसीची फी सरकारने ठरवलेली, तेवढीच. ट्युनिंगची मजुरी वेगळी, काम सुरू करण्याआधी सांगतो. ती ऐकून "तिकडं तर नुसत्या फीत व्हायलालंय" म्हणायचं असेल, तर तिकडे जा, मी पत्ता सांगतो. रविवारी दुपारी दोननंतर बंद.